घोरपडीचं डिझाइन

सोलापूरच्या आमच्या टॉवेल कारखान्यात नवं डिझाइन आलं की ते आधी माझ्याकडे येतं. रंग किती, रिपीट म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा केवढा, जकार्ड मागावर नीट उतरेल का, हे बघायचं आणि पुढे पाठवायचं. त्या दिवशी परदेशी ग्राहकाच्या एजंटाने किचन टॉवेलसाठी एक फाइल पाठवली. मधे झरा, भोवती घोरपडी आणि सगळीकडे बारीक तिरक्या रेघांची जाळी. फाइलवर नाव होतं 'ट्रायबल'. चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं.

ती धाटणी मी ओळखली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला राहणारे योलंगू लोक झाडाच्या सालीवर अशी चित्रं काढतात. शिकत असताना, त्यांची चित्रं न विचारता गालिच्यांवर उतरवल्याचा खटला वाचला होता, म्हणून हात थांबला. बाकीचं काम बाजूला ठेवून मी त्यांच्यातले चित्रकार वान्जुक मारिका यांच्याबद्दल वाचत बसले.

मारिका त्याच भागातल्या यिर्काला गावचे. वडील मावलान हेही मोठे चित्रकार. जांगकावू नावाचे पूर्वज होडीने यालांगबाराच्या किनाऱ्याला लागले आणि चालत जाताना काठी रोवली तिथे तिथे पाणी फुटलं, अशी त्यांच्या कुळाची कथा. कोणतं चित्र कोणी काढायचं हे ठरलेलं असतं, कारण चित्रावरचा हक्क आणि जमिनीवरचा हक्क एकच. आपला सातबारा असतो ना, तसंच ते चित्र.

१९६३ मध्ये सरकारने ३०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन त्यांना न विचारता राखीव क्षेत्रातून काढून बॉक्साइटच्या खाणीसाठी दिली. तेव्हा यिर्कालाच्या लोकांनी कॅनबेराच्या संसदेला अर्ज धाडला. इंग्रजीत आणि त्यांच्या भाषेत टाइप केलेला कागद सालीवर चिकटवला होता आणि भोवती कुळांची चित्रं रंगवली होती. म्हणजे मागणी आणि पुरावा एकाच सालीवर! तो अर्ज तयार करण्यात मारिका होते. तरी खाण आलीच. पुढे खटला झाला, त्यात ते आपल्या वडीलधाऱ्यांचे दुभाषी होते. १९७१ मध्ये न्या. ब्लॅकबर्न यांनी या लोकांचा स्वतःचा पक्का कायदा आहे हे मान्य केलं आणि तरीही जमिनीची मालकी नाकारली. वाचताना मला संताप आवरेना. नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी जमीन हक्क कायदा व्हायला १९७६ उजाडलं.

आणि याच वान्जुक मारिकांना एक दिवस आपलं पवित्र चित्र टॉवेलवर छापलेलं दिसलं, भांडी पुसायच्या टॉवेलवर. कोणी परवानगी मागितली नव्हती. त्या धक्क्याने त्यांनी कित्येक वर्षं चित्र काढलं नाही. पण गप्प बसले नाहीत. आदिवासी कला मंडळाचे अध्यक्ष झाले, चित्रकारांच्या स्वामित्वहक्कासाठी झगडले. १९८७ मध्ये ते गेले.

काही वर्षांनी त्यांची बहीण बांडुक मारिका यांचं घोरपडींचं आणि पवित्र झऱ्याचं चित्र व्हिएतनाममध्ये बनवलेल्या गालिच्यांवर निघालं. त्या इतर चित्रकारांसोबत कोर्टात गेल्या. १९९४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, सुमारे १,८८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरली. चित्र पायदळी गेल्याने आपल्याच समाजात जे सोसावं लागलं, तेही कोर्टाने त्यात धरलं.

माझ्यासमोरचं चित्र बांडुक यांचं नव्हतं. पण कुणाचं तरी होतंच.

मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, डिझाइन ग्राहकाचं, जबाबदारी त्याची. आपण फक्त विणतो."

"मालक, दुसरीकडची चादर सोलापुरी म्हणून विकतात, तेव्हा तो विणणाराही हेच म्हणत असेल."

आमच्या चादरीच्या भौगोलिक मानांकनाबद्दल मालक नेहमी अभिमानाने बोलतात. त्यांनी लगेच एजंटाला स्पीकरवर फोन लावला आणि चित्रकाराचं नाव, त्याच्या लोकांची लेखी परवानगी मागितली.

"अहो, जुनी लोककला आहे ती. तिला कोण मालक असणार?" एजंट म्हणाला.

त्या जमिनीबद्दलही सरकार वर्षानुवर्षं हेच म्हणत आलं होतं. मी ते फोनवर बोलून दाखवलं. पलीकडून उत्तर आलं नाही.

संध्याकाळी एजंटाने निळ्या चौकड्यांचं डिझाइन पाठवलं, ऑर्डरही निम्म्यावर आणली. मालकांनी ती घेतली आणि आमच्या डिझाइन फॉर्मवर चित्रकाराच्या नावाचा आणि परवानगीचा रकाना टाकायला मला सांगितलं.