सात रात्रींची क्रूझ आणि एकोणीस किलो सामान

धरणगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात माझी तीस वर्षे कापूस पारखण्यात गेली. शेतकऱ्याची गाडी आवारात आली की मुठीत कापूस दाबून, आणि पुढच्या काळात त्यात यंत्र खुपसून, ओलावा पाहायचा. तो आठ टक्क्यांच्या आसपास असेल तर पूर्ण भाव द्यायचा आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर कापूस उन्हात पसरायला सांगायचा किंवा गाडी परत पाठवायची, हे माझे काम. आरंभीच हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलीने आणि जावयांनी आम्हा दोघांना भूमध्य समुद्रातील क्रूझवर नेले तेव्हा सामान किती घ्यावे आणि कपडे कसे धुवावेत हा प्रश्न मला शेवटी याच ओलाव्याच्या हिशोबाने सुटला. तो सुटेपर्यंत मात्र बहुतेक चुका मी स्वतः करून पाहिल्या.

प्रवास एकूण अकरा दिवसांचा होता. बार्सिलोनात दोन रात्री, तेथून जहाजाने मार्सेय, जिनोआ, रोमसाठीचे बंदर चिव्हितावेक्किया, पालेर्मो आणि माल्टाचे व्हॅलेटा असे करत सातव्या रात्रीनंतर पुन्हा बार्सिलोना. आमच्या घरात बाहेरगावच्या सामानाचा एकच नमुना माहीत होता, तो म्हणजे लग्नाला जाण्याचा. त्याप्रमाणे रोजचे दोन जोड, रात्रीच्या जेवणाचे वेगळे, थंडीचे वेगळे, सौ.च्या नऊ साड्या, माझा सफारी, शेंगदाण्याची चटणी, बिबडे, खाकरे, तुपाचा डबा आणि लहान प्रवासी इस्त्री असे सगळे दोन बॅगांत कोंबून ताणकाट्याला लावले, तेव्हा एकूण चव्वेचाळीस किलो भरले. विमानाच्या तिकिटावर प्रत्येकी तेवीस किलोंची मुभा होती, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटेना. माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई ओट्यावर बसून हे पाहत होती. ती म्हणाली, “इतला कपडा कसाले? लगनले जाई राहिनूत का?” त्याच संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. “नाना, जहाजावर चढल्यावर सामान उचलायचं नाही हे खरं आहे, पण जहाजापर्यंत ते कोण नेणार?” असे तिने विचारले, आणि धरणगाव ते जळगाव, जळगावला फलाट बदलून मुंबईची रात्रगाडी, मग टॅक्सी आणि विमानतळ ही सगळी वाट त्या दोन बॅगांसह माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

तूप सर्वांत आधी बाहेर निघाले, कारण युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. जहाजावरचे जेवण भाड्यातच असल्यामुळे बिबडेही निघाले. चटणीची एक पुडी तेवढी राहिली. कपड्यांचे मात्र इतक्या सहज निघेना. कमी कपडे न्यायचे तर ते वाटेत धुवावे लागणार, आणि धुतलेले वेळेवर वाळले नाहीत तर कमी नेण्याचा उपयोग काय? येथे मला माझा जुना धंदा आठवला. ठरावीक हवेत कापसाचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. कापसावर ज्याचे घर चालले त्यानेच सुती कपडे घरी ठेवून निघावे, हे मनाला पटत नव्हते, म्हणून मी आधी परीक्षा घ्यायचे ठरवले. ही परीक्षा गच्चीवर घेण्यात अर्थ नव्हता, कारण खानदेशच्या उन्हात काहीही वाळते. मे महिन्यात तर चहा होईपर्यंत धोतर वाळते. म्हणून पाच कपडे धुऊन न्हाणीघरात टांगले, दार लोटून घेतले आणि घड्याळ लावून बसलो. जॉर्जेटची साडी चार तासांत वाळली, पॉलिएस्टरचा टी-शर्ट पाच तासांत, टेरिकॉटचा शर्ट आठ तासांत. सुती बनियनला पंधरा तास लागले आणि खादीचा झब्बा दुसऱ्या दिवशी दुपारीही शिवणीत ओलाच होता. सौ.ने या प्रयोगाबद्दल जे मत व्यक्त केले ते येथे लिहीत नाही, पण साड्या निवडताना तिने माझ्याच वहीतील आकडे विचारले.

रात्री धुऊन सकाळी घालता येईल तेच न्यायचे, ही एकच अट ठेवल्यावर बाकीचे आपोआप ठरत गेले. मी चार सदरे, दोन विजारी, एक पातळ जाकीट, रात्रीचा एक जोड आणि आतल्या कपड्यांचे चार जोड घेतले. सौ.ने जॉर्जेटच्या दोन साड्या, बंदरावर उतरून चालण्यासाठी तीन पंजाबी ड्रेस आणि जहाजावरच्या औपचारिक जेवणाच्या रात्रीसाठी एक रेशमी साडी घेतली. रेशमी साडी एकदाच नेसायची आणि धुवायची नाही, म्हणून तिला अट लागू केली नाही. पायांत बूट आणि बॅगेत एक सपाता. सफारीवरून थोडा वाद झाला आणि तो मी जिंकला, म्हणजे सफारी बॅगेत गेला. इस्त्रीही तशीच राहिली. या वेळी काट्याने दोघांचे मिळून एकोणीस किलो दाखवले.

बार्सिलोनाच्या धक्क्यावर मोठ्या बॅगा ताब्यात घेऊन त्यांना खोलीच्या क्रमांकाची पट्टी लावतात, आणि त्या खोलीच्या दाराशी कित्येक तासांनी येतात. मुलीने हे आधीच बजावले असल्यामुळे पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत होता. संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा आल्या. आमची एकच आली. दुसरीऐवजी एक चिठ्ठी आली, तिच्यात खालच्या मजल्यावरील सुरक्षा विभागात येण्याची सूचना होती. तेथे टेबलावर माझ्या इस्त्रीप्रमाणेच पकडल्या गेलेल्या इस्त्र्या आणि वायरींचे बोर्ड मांडून ठेवलेले होते. समुद्रावर आगीसारखे दुसरे भय नाही, त्यामुळे इस्त्रीसारखी तापणारी वस्तू खोलीत वापरू देत नाहीत. इस्त्रीची पावती करून त्यांनी ती ठेवून घेतली आणि शेवटच्या दिवशी परत दिली. कारखान्यात रुईच्या गंजीजवळ विडी ओढणाऱ्या किती जणांना मी स्वतः बाहेर काढले होते, हे आठवून मी काही बोललो नाही.

खोली आमच्या पुढच्या पडवीएवढी होती. न्हाणीघरात भिंतीवर एक लहान गोल डबी होती, तिच्यातून दोरी ओढून समोरच्या आकड्यात अडकवायची. कपडे वाळवण्याची अधिकृत सोय एवढीच. खोलीच्या भिंती पोलादाच्या असतात, हे मुलीला ठाऊक होते आणि तिने लोहचुंबकाचे सहा आकडे आणले होते. त्यांवर ओले काही टांगले नाही, पण टोप्या, पिशव्या, जाकीट आणि उद्याचे कपडे भिंतीवर गेल्यामुळे खुर्ची बसायला मोकळी राहिली. छतातून आलेल्या, आग विझवणाऱ्या पाण्याच्या तोटीला हँगर अडकवण्याचा मोह कोणालाही होईल. ती तोटी वजनाने तुटली तर खोलीत पाण्याचा लोंढा येतो, म्हणून त्या मोहापासून दूरच राहावे.

पहिल्या रात्री मी उत्साहाने चार कपडे एकदम धुतले. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड की साबणाला फेस आणण्यासाठी हात दुखतात. जहाजावर पुष्कळसे पाणी समुद्राच्या पाण्यातून क्षार काढून केलेले, त्यामुळे ते हलके. घरच्या सवयीने वडी घासली आणि बेसिनमधून फेस वर येऊ लागला. कपड्यातून तो साबण काढण्यासाठी पाच वेळा पाणी बदलावे लागले. पुढे घरच्या चौथ्या हिश्शाएवढाच साबण पुरला. चारही कपडे त्या आखूड दोरीवर एकमेकांना चिकटून लटकले, रात्रभर त्यांच्यातली वाफ त्या बंद जागेत कोंडली आणि सकाळी जॉर्जेटसुद्धा दमट निघाली. माझ्या घरच्या प्रयोगात प्रत्येक कपड्याला स्वतःची जागा होती, ही गोष्ट मी हिशोबात धरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी नजर जावईबापूंच्या खोलीच्या बाल्कनीकडे गेली. ऊन होते, वारा होता, कठडा होता. त्यांनी नम्रपणे दारावरची सूचना दाखवली: बाल्कनीत कपडे वाळत घालण्यास मनाई आहे. वाऱ्याने उडालेले कापड जहाजावर कोठे जाऊन अडकेल, याचा भरवसा नसतो. कठड्यावरून हात फिरवला तर तो चिकट लागला आणि मग मलाही पटले, कारण खाऱ्या वाऱ्यातले मीठ कापडावर बसले की ते हवेतला ओलावा ओढतच राहते. असे कापड वाळल्यासारखे दिसते, वाळत नाही.

तिसऱ्या रात्रीपासून जी पद्धत बसली ती शेवटपर्यंत टिकली. रोज रात्री जेवणापूर्वी दोघांचे मिळून दोनच कपडे धुवायचे, तेही त्याच दिवशीचे, साठवायचे नाहीत. पिळायचे हलके, कारण घट्ट पिळलेल्या कापडाला पडलेल्या सुरकुत्या काढायला आता इस्त्री नव्हती. मग कोरडा टॉवेल पलंगावर पसरून त्यावर कपडा अंथरायचा, दोन्ही मिळून वळकटी करायची आणि ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन उभे राहायचे. वाळण्याचा निम्मा वेळ याच दोन मिनिटांत वाचतो, आणि टॉवेल तर सकाळी खोली आवरणारा मुलगा बदलूनच देतो. त्यानंतर कपडे दोरीवर हातभर अंतराने टांगायचे आणि न्हाणीघराचे दार रात्रभर उघडे ठेवायचे, म्हणजे खोलीतली वातानुकूलित कोरडी हवा आत जाते आणि तेथील पंखा ओली हवा ओढून घेतो. याप्रमाणे टी-शर्ट पहाटेपर्यंत आणि टेरिकॉटचा सदरा न्याहारीपर्यंत तयार होई. सुती बनियनला मात्र एक रात्र कधीच पुरली नाही, म्हणून त्यांचा क्रम मी दोन दिवसांचा ठेवला. सदरे आम्ही अंघोळीच्या आधी न्हाणीघरात टांगत असू. गरम पाण्याच्या वाफेने त्यांच्या बऱ्याचशा सुरकुत्या सुटत.

आमच्या जहाजावर प्रवाशांनी स्वतः वापरायची धुलाई यंत्रे नव्हती. काही कंपन्यांच्या जहाजांवर असतात, आणि तिकीट काढण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. जहाजाच्या लाँड्रीत नगावर दर होता आणि एका सदऱ्याच्या दरात आमच्या गावी दहा सदऱ्यांची इस्त्री झाली असती. चौथ्या दिवशी मात्र कागदाची एक पिशवी दाराशी आली: तिच्यात मावतील तेवढे कपडे एकाच दरात धुऊन मिळणार होते. येथे माझा दुसरा धंदा कामाला आला. आमच्या प्रेसमध्ये रुई दाबून एकशे सत्तर किलोंची गाठ बांधतात, तेव्हा दाबण्याची कला मला नवी नव्हती. दोन्ही खोल्यांतील कपडे एकेक घट्ट गुंडाळून मी त्या पिशवीत असे बसवले की जावईबापू पाहतच राहिले. पण तेथे कपडे कढत पाण्यात धुऊन गरम हवेच्या यंत्रात फिरवतात, आणि विणताना ताणलेले सूत अशा वेळी आखडते. जावयांचा सुती कुर्ता परत आला तो मनगटाच्या वर चढलेला. दोष सर्वस्वी माझा होता. कापड ओळखणाऱ्या माणसाने ते वेगळे काढायला हवे होते. त्यांनी तो बाह्या दुमडून घातला आणि विषय काढला नाही, यातच त्यांचा मोठेपणा.

रोमही चौथ्याच दिवशी होते. चिव्हितावेक्कियाहून तेथे पोहोचायला तासाहून अधिक लागतो आणि सेंट पीटर्स चर्चमध्ये जाणाऱ्याचे खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. आमच्या बसमधील काही जण दारातच शाली विकत घेत होते, सौ. पंजाबी ड्रेसवर ओढणी घेऊन सरळ आत गेली. औपचारिक रात्री तिची रेशमी साडी नेसून झाली, तिची घडी घातली गेली आणि ती पुन्हा तळाशी गेली. माझा सफारी तळाशीच होता.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्ट्या लावून मध्यरात्रीपूर्वी खोलीबाहेर ठेवाव्या लागतात, म्हणजे धुण्याचे काम त्याच्या आदल्या रात्रीच संपले पाहिजे. ओला कापूस दाबून ठेवला तर गंजी आतून तापते आणि रुई पिवळी पडते, हे मी शेकडो शेतकऱ्यांना समजावून सांगितले होते, म्हणून एकेक कपडा मुठीत दाबून, शिवणी चिमटून मगच बॅगेत टाकला. एक बनियन पारखणीत नापास झाले. ते प्लास्टिकच्या पिशवीत न घालता वर्तमानपत्रात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवले आणि ते विमानातून, रात्रगाडीतून तसेच धरणगावला आले.

घरी आल्यावर आईने दोन्ही बॅगा हातांनी उचलून पाहिल्या. मग वर्तमानपत्र सोडून ते बनियन गालाला लावले, “वलं से” एवढेच म्हणाली आणि अंगणातल्या तारेवर टाकून आली. मी पाय धुऊन येईपर्यंत ते वाळले होते.