सासूबाईंची पाटली

येवल्यात आमचे दोन माग. एक सासूबाईंचा, एक दिरांचा. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, बायका उतरून माग बघायच्या, पदर हातात घेऊन भाव विचारायच्या. धंदा एवढाच. मार्च २०२० मध्ये शिर्डीचं मंदिर बंद झालं आणि गाड्याही थांबल्या. कपाटात सात पैठण्या पडून, वर रेशमाची उधारी. तेव्हा मी मोबाइलवर जाहिरात द्यायला शिकले.

पहिली जाहिरात पाचशे रुपयांची. फोटोत सासूबाई मागावर, मुनियाचा, म्हणजे पोपटांच्या नक्षीचा, पदर अर्धा झालेला, हातात त्यांची एका जागी चेपलेली जुनी पाटली. कार्डाचा नंबर टाकला आणि तासाभरात जाहिरात सुरू! दुकान खरं आहे का, जीएसटी नंबर आहे का, कुणी विचारलं नाही. आमच्या इथल्या साप्ताहिकाचा माणूस दुकानात येतो, चहा पितो, साडी बघतो आणि मग पावती फाडतो. ती कटकट वाचली म्हणून मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू.

सातही पैठण्या गेल्या. पुढे तिसरा माग घेतला.

मग एका दिवाळीच्या तोंडावर परभणीच्या एक ताई पार्सल घेऊन दुकानात आल्या. आत पॉलिस्टरची साडी, छापलेले मोर, पार्सल घेताना मोजलेले ९९९ रुपये. त्यांच्या मोबाइलवर जाहिरात होती: ‘विणकर कुटुंबाचं दुकान बंद होतंय, शेवटचा साठा’. फोटो आमचा. तो दाखवत चार दुकानं विचारत त्या आमच्यापर्यंत पोचल्या होत्या. सासूबाई समोरच बसलेल्या, हातात तीच पाटली.

जी विणायला महिने लागतात ती ९९९ ला कशी मिळेल, हे माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात त्या ताईच म्हणाल्या, “दुकान बंद होतंय म्हटल्यावर म्हटलं, तेवढीच मदत.” मी गप्प बसले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. जाहिरात जिथे दिसत होती त्यांनाही कळवलं. उत्तर आलं, जाहिरात नियमात बसते. वर फोटो माझाच असल्याचा पुरावा मागितला. आठ दिवसांनी ती निघाली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने हजर.

नात्यातल्या वकिलांनी सांगितलं, आयटी कायद्याचं कलम ७९ आहे, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी मध्यस्थावर, म्हणजे तो दाखवणाऱ्या माध्यमावर, सहसा येत नाही. रात्रीतून कुणी माझ्या भिंतीवर कागद चिकटवून गेला तर मलाही ते पटेल. पण इथे तर भिंतीचं भाडं घेतलंय! पैठणी बघणारी बाई कुठे आहे हे शोधून तिच्यापुढे जाहिरात नेऊन ठेवलीय. गिऱ्हाईक कोण हे बरोबर कळतं, पैसे देणारा कोण एवढंच कळत नाही? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसवी जाहिरात छापणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पण ‘नेहमीच्या व्यवहारात छापली’ असं सिद्ध केलं की सुटका. शेअर बाजाराच्या जाहिरातींसाठी सेबीने, म्हणजे त्या बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२५ मध्ये आपल्याकडे नोंदलेल्यांना सांगितलं की सेबीच्या नोंदीतलाच फोन आणि ईमेल देऊन जाहिरात दाखवणाऱ्या माध्यमांकडे नोंदणी करा, पडताळणी होऊ द्या. म्हणजे जमतं. साडीला का नको?

आता साडी मागावर असतानाच आम्ही गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर दाखवतो, त्यांच्या नावाची चिठ्ठी ताण्यावर ठेवून. अस्सल रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल लावतो. जाहिरात अजून त्याच माध्यमावर देते, दुसरीकडे गिऱ्हाईक नाही.

परभणीच्या ताईंना आम्ही पैठणीच्या उरलेल्या कापडाचा बटवा दिला. दीर म्हणाले, आपण का द्यायचा, आपण फसवलं का? त्यांचंही चूक नव्हतं.

सासूबाई आता फोटो काढायचा म्हटलं की आधी पाटली उतरवून माझ्याकडे देतात.