तिकिटांवर उभे राहिलेले प्रसूतिगृह : डब्लिनचा डॉक्टर बार्थोलोम्यू मॉस

बार्थोलोम्यू मॉसच्या नावावर एकही वैद्यकीय शोध नाही. त्याच्या नावाचे एखादे उपकरण नाही, आजार नाही किंवा शरीराचा एखादा भागही नाही. तरीही आयर्लंडमधील वैद्यकाचा जुना इतिहास वाचताना मी पुन्हा पुन्हा याच माणसापाशी थांबतो, कारण त्याच्या आयुष्यातील खरी झुंज आजाराशी होती त्याहून अधिक पैशाशी होती, आणि ती झुंज तो ज्या रीतीने लढला ती आजही चकित करणारी आहे.

त्याचा जन्म १७१२ साली मेरीबरो या गावी झाला. आज त्या गावाला पोर्टलीश म्हणतात. वडील तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चचे धर्मगुरू होते. मुलगा डब्लिनला जॉन स्टोन नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला आणि १७३३ मध्ये त्याला स्वतंत्रपणे शल्यकर्म करण्याचा परवाना मिळाला. इथे त्या काळची उतरंड ध्यानात घ्यायला हवी. सर्वांत वर विद्यापीठात शिकलेले, लॅटिन जाणणारे वैद्य. त्यांचे महाविद्यालय जॉन स्टर्न याने १६५४ मध्ये डब्लिनमध्ये स्थापन केले होते. त्यांच्या खाली शल्यवैद्य, ज्यांची गणना न्हाव्यांच्याच संघात होत असे. आणि बाळंतपण हे तर सुइणींचे काम. एखादा पुरुष त्यात पडला तर वैद्यही नाक मुरडत आणि सुइणीही. मॉस शल्यवैद्यांच्या पायरीवरून आणखी एक पायरी खाली उतरला, तेही स्वखुशीने, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्याआधी १७३८ मध्ये आयर्लंडमधून मिनोर्का बेटावर जाणाऱ्या सैनिकांच्या तुकडीबरोबर तो वैद्यकीय जबाबदारी घेऊन गेला, आणि नंतर शल्यकर्म व प्रसूतिशास्त्रातील कौशल्य वाढवण्यासाठी युरोपात फिरला. १७४२ मध्ये वैद्यांच्या महाविद्यालयाकडून त्याने प्रसूतिशास्त्राचा परवाना मिळवला आणि शल्यकर्म जवळजवळ सोडून दिले.

मधली दोन वर्षे आयर्लंडसाठी भयंकर होती. १७३९ च्या अखेरीस पडलेल्या कडाक्याच्या थंडीने जमिनीत साठवलेले बटाटे गोठून सडले, पुढच्या वर्षी धान्य बुडाले, आणि १७४० व १७४१ या दोन वर्षांत उपासमारीने आणि तापाच्या साथींनी काही लाख माणसे मेली. आयरिश भाषेत या काळाला ‘संहाराचे वर्ष’ म्हणतात. गावोगावचे भुकेले लोक डब्लिनकडे धावले. या शहराच्या माळ्यांवर आणि ओल धरलेल्या तळघरांत, विस्तवाशिवाय, पुरेशा पांघरुणाशिवाय, अनेकदा एकाच खोलीत राहणाऱ्या इतर कुटुंबांच्या देखत स्त्रिया बाळंत होत होत्या. मॉस अशा घरांत जात होता. उपचाराचे ज्ञान असूनही त्या खोलीत त्याचा उपयोग होत नाही, बाळंतिणीला आधी कोरडी जागा, ऊब आणि अन्न लागते, हे त्याला तिथेच उमगले असावे.

१५ मार्च १७४५ रोजी त्याने जॉर्जेस लेनमध्ये गरीब स्त्रियांसाठी प्रसूतिगृह उघडले. ब्रिटन आणि आयर्लंडमधील या प्रकारचे ते पहिले रुग्णालय मानले जाते. इमारत म्हणजे बंद पडलेले एक नाट्यगृह होते. व्हायोलान्ते नावाची दोरीवरच्या कसरतींसाठी प्रसिद्ध असलेली बाई तिथे पूर्वी खेळ करत असे. पुढच्या सुमारे बारा वर्षांत या जुन्या नाट्यगृहात जवळपास चार हजार स्त्रिया बाळंत झाल्या. जागा अपुरी पडत होती, दाराशी आलेल्या बायकांना परत पाठवावे लागत होते, आणि देणग्यांवर भागत नव्हते.

एखाद्या सावध माणसाने अशा वेळी खाटा कमी केल्या असत्या. मॉसने १७४८ मध्ये शहराच्या उत्तर टोकाला, तेव्हाच्या ग्रेट ब्रिटन स्ट्रीटवर, चार एकरांहून थोडी अधिक जमीन भाडेपट्ट्याने घेतली, आणि तिच्यावर रुग्णालयाची पहिली वीट ठेवण्याआधी तिथे बाग फुलवली. लंडनच्या वॉक्सहॉलसारखी ही करमणुकीची बाग होती : झाडांच्या रांगांतून फिरण्याच्या वाटा, दिव्यांची रोषणाई, वाद्यवृंद, चहापाणी. तिच्या आजूबाजूला डब्लिनची श्रीमंत वस्ती वाढत होती, आणि त्या वस्तीला संध्याकाळी चांगले कपडे घालून चार लोकांत मिरवायला जागा हवी होती. ती जागा मॉसने दिली आणि फाटकावर तिकीट लावले. माझ्या मते त्याची खरी प्रतिभा इथे दिसते. धनिकांकडे दयेची याचना करण्यात वेळ न घालवता त्याने त्यांना हवी असलेली वस्तू विकायला काढली. दानासाठी ज्याचा हात खिशाकडे जात नाही तो मैफलीसाठी बिनदिक्कत पैसे मोजतो, हे त्याने अचूक हेरले होते.

बागेखेरीज मैफली होत्या, नाटकांचे खेळ होते आणि सोडती होत्या. या सोडतींनीच त्याला अडचणीत आणले. एवढा पैसा एकट्या माणसाच्या हातातून जातो आहे म्हटल्यावर अफरातफरीची कुजबुज सुरू झाली, आणि काही सोडतींत फायद्याऐवजी तोटा झाला. लंडनहून परतताना वेल्समध्ये त्याला कर्जापायी अटक झाली, तो खिडकीतून निसटला आणि काही आठवडे डोंगरांत लपून राहिल्यावर आयर्लंडला पोहोचला, अशी हकिगत त्याच्या जुन्या चरित्रात सांगितलेली आहे. तिच्यात रंग किती भरला असेल ते असो. पण कर्ज खरे होते, आणि ते रुग्णालयासाठी त्याने स्वतःच्या नावावर काढलेले होते. ज्याने पैसे खाल्ले असा आरोप झाला तो मरताना कर्जबाजारीच होता, एवढी एकच गोष्ट मला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल पुरेशी वाटते.

नव्या इमारतीचा आराखडा रिचर्ड कॅसल्स या वास्तुविशारदाचा होता. ज्याने एका सरदारासाठी लेन्स्टर हाउस बांधले त्याच्याकडूनच मॉसने गरीब बाळंतिणींचे घर आखून घेतले, आणि दोन्ही इमारतींच्या दर्शनी भागांतले साम्य आजही नजरेत भरते. कॅसल्स १७५१ च्या सुरुवातीलाच वारला. त्याच वर्षी पायाभरणी झाली आणि बांधकाम जॉन एन्सरने पुढे नेले. पैसे संपले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. शेवटी मॉसने आयरिश संसदेकडे अर्ज केला आणि तिने हजारो पौंडांचे अनुदान मंजूर केले. १७५६ च्या डिसेंबरात राजा दुसरा जॉर्ज याची सनद मिळाली आणि ८ डिसेंबर १७५७ रोजी रुग्णालय उघडले. सनदेने मॉसला पहिला ‘मास्टर’, म्हणजे रुग्णालयाचा सर्वाधिकारी प्रमुख, नेमले. त्याच्यानंतरच्या मास्टरांना सात वर्षांची मुदत असते, आणि ही पद्धत आजतागायत चालू आहे. ‘रोटंडा’ हे आजचे नाव मात्र त्याच्या कानावर कधी पडले नसावे. ज्या गोल सभागृहामुळे ते पडले ते एन्सरने १७६४ मध्ये, पुन्हा पैसे उभे करण्यासाठीच, बांधले.

इथे एक कटू गोष्टही नोंदवायला हवी, नाहीतर हे लेखन निव्वळ स्तुती ठरेल. भव्य इमारतीत आई तुलनेने सुरक्षित होती, पण बाळांचे तसे नव्हते. १७८२ च्या अखेरपर्यंत तिथे जिवंत जन्मलेल्या १७,६५० बालकांपैकी २,९४४ पहिल्या पंधरवड्यातच दगावली, म्हणजे सहातले एक. त्यातली बहुतेक आचके येऊन गेली. पुढे मास्टर झालेल्या जोसेफ क्लार्क याने दोष कोंदट हवेला दिला. छताला, खिडक्यांच्या चौकटींना आणि दारांना भोके पाडून हवा खेळती केल्यावर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आचक्यांचे खरे कारण धनुर्वात होते असे आज मानले जाते, त्यामुळे क्लार्कचे निदान चुकले आणि उपाय तरीही लागू पडला, असा हा विचित्र प्रकार आहे. मॉस दोषी होता असे मी म्हणणार नाही, कारण जंतूंची कल्पना कोणालाच नव्हती. पण ऊब देण्याच्या काळजीने बंद ठेवलेल्या खिडक्या हा त्याच्याच विचारसरणीचा वारसा होता.

त्याला स्वतःला नव्या इमारतीत जेमतेम चौदा महिने मिळाले. १६ फेब्रुवारी १७५९ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, डब्लिनजवळच्या कलन्सवुड येथे त्याचा मृत्यू झाला आणि डॉनिब्रुकच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. त्याच्या जागी फील्डिंग ओल्ड आला, ज्याने १७४२ मध्येच प्रसूतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता. ज्ञानात तो मॉसहून निश्चितच सरस होता. बाग हळूहळू आक्रसत गेली, आणि तिच्या उत्तर टोकाला १९६६ पासून आयरिश स्वातंत्र्यासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मृतिउद्यान आहे.

रुग्णालयातले प्रार्थनामंदिर मात्र टिकून आहे. त्याच्या छतावर बार्थोलोम्यू क्रॅमिलियन या कारागिराने गिलाव्यात श्रद्धा, आशा आणि दया यांच्या मूर्ती कोरल्या; दयेच्या मूर्तीबरोबर लहान मुले आहेत. इथे पैसेवाली मंडळी प्रवचनाला येतील आणि जाताना काहीतरी देऊन जातील, असाच त्यामागे मॉसचा हिशेब होता. छताच्या मधल्या भागात चिप्रियानी या इटालियन चित्रकाराकडून ख्रिस्तजन्माची चित्रे काढून घेण्याचे त्याने ठरवले होते आणि त्यासाठी चौकटी सोडून ठेवल्या होत्या. तो गेला आणि चित्रांचा विषय मागे पडला. भोवतीची नक्षी पूर्ण आहे. मधल्या चौकटी अजून रिकाम्याच आहेत.