डोळा मारणारा भाचा

भाचा सातवीत आहे, इथंच परभणीत राहतो. मागच्या महिन्यात लग्नात फेटा बांधून काढलेला फोटो घेऊन दुकानावर आला, म्हणला "मामा, ह्याच्यात मी डोळा मारायलोय असं करून दे, डीपीला ठेवायचंय." ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान टाकलंय म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळंच येतं असा घरच्यांचा समज आहे. माझ्याकडं फुकटातलं गिंप, म्हणजे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, होतं आणि त्यात मी आजवर पासपोर्ट फोटोचं बॅकग्राउंड पांढरं करण्याच्या पुढं गेलो नव्हतो.

तर गिंपमधी एक लेयर (एकावर एक ठेवलेल्या चित्रांतला एक थर) म्हणजे हलणाऱ्या चित्रातली एक फ्रेम. सगळ्यात खालचा लेयर आधी दिसतो, मग एकेक वरचा. फोटोचा लेयर डुप्लिकेट केला, वरच्यावर गालाचा रंग उचलून डोळ्यावर ब्रश फिरवला, झालं म्हणून जीआयएफ (हलणाऱ्या चित्राची फाईल) एक्स्पोर्ट केलं तर ते हलंच ना. अर्धा तास गेला मग दिसलं की एक्स्पोर्ट करताना 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन'वर टिक करावी लागते. टिक केली तर डोळा असा फडफडायला लागला की खराब झालेली ट्यूबलाईट बरी. आई मागून बघत होती, म्हणली "पोराला डोळे आले की काय रे?"

कारण दोन्ही फ्रेमला सारखाच वेळ, १०० मिलिसेकंद. माणूस असा डोळा मारत नाही ना. मग कळलं की लेयरच्या नावातच कंसात वेळ लिहिता येतो, आकडा आणि त्याला चिकटून एमएस, इंग्रजी अक्षरात. उघड्या डोळ्याला २००० दिले, मिटलेल्याला २५०, आणि मधी अर्धा मिटलेला एक लेयर घातला त्याला ६०, तोच परत उघडताना वर कॉपी केला. एवढ्यानं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं पापणीत अडकलं. नुसता गालाचा रंग फासला की डोळ्यावर पट्टी चिकटवल्यासारखं दिसतं. आरशासमोर उभा राहून स्वतःच डोळा मारून बघितला (गिऱ्हाईक आत आलं तेवढ्यात, असो) तर दिसलं की मिटलेल्या पापणीची रेघ खालच्या बाजूला वळलेली असते, भुवई थोडी खाली येते आणि गाल वर चढतो. मग पापणीच्या वरचीच कातडी क्लोन टूलनं (एका जागचं चित्र दुसरीकडं उमटवणारा ब्रश) खाली ओढली, बारीक काळपट रेघ मारली, भुवई कापून तीन पिक्सेल खाली सरकवली. गालाच्या नादी लागलो नाही.

हे सगळं मोबाईलच्या मोठ्या फोटोवर चालू होतं, कॉम्प्युटर रडायला लागला, आणि त्यात लाईट गेली. सेव्ह नव्हतं केलं. बनी तो बनी, नहीं तो परभणी. दुसऱ्या दिवशी आधी फोटो ५१२ बाय ५१२ केला, दर पाच मिनिटाला एक्ससीएफ (लेयर जपून ठेवणारी गिंपची फाईल) सेव्ह, मग डोळ्याला हात लावला.

बॅकग्राउंड उडवल्यावर फेट्याच्या कडंला पांढरी किनार दिसायला लागली, डार्क मोडमधी तर फारच. जीआयएफ १९८७ चा फॉरमॅट, एका फ्रेमला रंग २५६ च, आणि पिक्सेल एकतर पूर्ण दिसणार नाहीतर पूर्ण गायब, अर्धवट पारदर्शक काही नाही. केशरी फेट्याचे पण चट्टे पडले.

एवढं करून भाच्याला पाठवलं आणि मग लक्षात आलं की व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी हलतच नाही! आधी बघायला पाहिजे होतं, मीच येडा. मग ते स्टिकर करायचं ठरलं. हलणारं स्टिकर वेबपी नावाच्या चित्राच्या फॉरमॅटमधी लागतं, ५१२ बाय ५१२, ५०० केबीच्या आत. गिंपमधून थेट वेबपी निघालं, किनार गेली, चट्टे गेले, चारच फ्रेम असल्यामुळं साईझ पण बसली. एका स्टिकरच्या अ‍ॅपमधून चढवलं.

भाच्यानं ते पहिल्यांदा टाकलं कुठं तर ट्यूशनच्या ग्रुपवर, सरांच्या "होमवर्क झालं का?" च्या खाली. ताईचा फोन आला, आता त्याचाच कान धरलेला एक करून दे म्हणायली. एक्ससीएफ जपून ठेवलीय, हात तेवढा काढावा लागंल.