बिलात भरडलेलं, पोत्यात अख्खं

इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. (महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तिथल्यांनी नुसतं वाचावं.) त्यामुळे इथे सगळं सामान घरपोच येतं. चुकीचं सामानही तितक्याच तत्परतेनं येतं.

मी मॅरिस ऑटर जातीच्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) दोन पिशव्या मागवल्या होत्या, ‘क्रश्ड’ म्हणजे भरडलेल्या. एक लगेच २३ लिटर बिटरसाठी, म्हणजे कडवट इंग्लिश बिअरसाठी, एक पुढच्या खेपेला. पाणी ७२ अंशांवर आलं, पिशवी फोडली, तर दाणे अख्खे. एक दाताखाली धरला, कटकन फुटला, आत पांढरं पीठ. ते पीठ बाहेर आल्याशिवाय साखर होत नाही, आणि साखर नाही तर यीस्टनं खायचं काय?

घरात गिरणी नाही. पुण्याहून आणलेला मिक्सर काढला आणि मूठ-मूठ माल्ट टाकून नुसते झटके दिले. दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत, टरफल शक्यतो शाबूत राहावं. टरफलाचं पीठ झालं तर गाळताना चिखल होतो, वर तुरटपणा येतो. मी माल्ट कापडी पिशवीत भिजवते म्हणून थोडं बारीक झालेलं खपून गेलं. पिशवी न वापरता तळाच्या नळातून गाळणाऱ्यांनी सरळ लाटणं घ्यावं, हात दुखले तरी.

भरडलेला माल्ट पाण्यात ६६ अंशांवर तासभर ठेवून बशीत थेंबभर पाणी काढलं आणि त्यावर आयोडीन टाकलं, शाळेत बटाट्यावर टाकायचो तसंच. निळंकाळं झालं म्हणजे स्टार्च शिल्लक आहे, म्हणून आणखी अर्धा तास ठेवलं. (बशीतलं फेकून द्या, परत भांड्यात नको.)

आता दुकान. पहिलं उत्तर यंत्राचं: तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग लेबलचा फोटो मागितला. पाठवला. उत्तर आलं, ‘लेबलवर होल (अख्खं) लिहिलं आहे, म्हणजे योग्य माल पोचला.’ लेबल आणि माल जुळत होते, हे खरंच. जुळत नव्हतं ते माझं बिल! बिल पाठवलं तर दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं आणि पुन्हा लेबलचा फोटो मागितला. तिसऱ्याचा सल्ला, जवळच्या दुकानातून भरडून घ्या. जवळ दुकान असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? शेवटी मेहेरबानी म्हणून पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट, आणि न उघडलेली दुसरी पिशवी परत करायची तर पोस्टाचा खर्च माझा.

इथे माझं डोकं फिरलं. नुसतं ‘फार मनस्ताप झाला’ लिहून काही हलत नाही, कायद्याचं नाव लिहा. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे माल वर्णनाशी जुळायला हवा. नसेल तर ३० दिवसांत नाकारता येतो, आणि परत पाठवण्याचा वाजवी खर्च दुकानदाराचा. एवढ्या तीन ओळी बिलासकट पाठवल्या आणि सूर बदलला. म्हणून सांगते, पार्सल आलं की त्याच दिवशी उघडून बघा, ३० दिवस भराभर जातात.

हो, गाळल्यावर घनता (पाण्यात साखर किती उतरली याचं माप) १.०३६ भरली, हवी होती १.०४४. किलोभर कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या साखरेची तयार पावडर) २३ लिटरला साधारण १६ अंक, म्हणजे ०.०१६ चढवतो, म्हणून अर्धा किलो घातला आणि भागलं. हे पाकीट कपाटात कायम असू द्या.

याच दुकानानं एकदा ईस्ट केंट गोल्डिंग्जऐवजी ‘समतुल्य’ म्हणून दुसरे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) टाकले होते. गोल्डिंग्जचं अल्फा, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल, ५ टक्के धरलं होतं, पाकिटावर १४. तेवढेच घातले असते तर बिअर कडू जहर झाली असती. वजन गुणिले जुनं अल्फा भागिले नवं, म्हणजे उकळीच्या सुरुवातीच्या ६० ग्रॅमऐवजी २१ पुरले. सुगंधासाठी शेवटी घालायच्या हॉप्सना मात्र हे गणित लावू नका.

बिअर बरी झाली, जरा गढूळ. दुसऱ्या पिशवीचे पैसे आले, परतीच्या पोस्टाचे अजून नाहीत. त्यासाठी आज पुन्हा मेल टाकली, तर लेबलचा फोटो मागितलाय.