जुन्या ट्रकच्या केबिनचे काम : आवाज आणि उष्णतेसाठी साहित्याची निवड

केबिनचे काम आता साहित्य निवडण्यापासून ते प्रत्यक्ष चिकटवण्यापर्यंत आले आहे. सीट, रबरी मॅट, सडलेला नमदा आणि दारांची आतली पॅनल काढून केबिन उघड्या पत्र्यावर आणली, जमिनीचा गंज घासून इपॉक्सी प्रायमर मारला आणि त्यानंतर जमीन व इंजिनवरचे आवरण पूर्ण केले. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत, सध्या अर्धी झाली असून दारे आणि छत बाकी आहेत. ज्यांना अशाच जुन्या गाडीला हात घालायचा आहे त्यांना एक सूचना आधीच द्यावीशी वाटते: इंजिनच्या आवरणाखाली किंवा फायरवॉलवर मुळातला तंतुमय थर असेल तर तो ॲसबेस्टॉसचा असण्याची शक्यता गृहीत धरावी आणि तपासून घेतल्याशिवाय तो खरवडू नये.

साहित्याची निवड करताना मी एकच प्रश्न प्रत्येक जागेला विचारला: इथला त्रास नेमका कशाचा आहे? पत्रा स्वतः थरथरतो आहे, बाहेरचा आवाज हवेतून आत येतो आहे, की उष्णता येते आहे? या तीन कामांसाठी तीन वेगळ्या वस्तू लागतात, आणि ‘सर्व काही रोखणारा’ म्हणून विकला जाणारा एकच जाड थर सगळीकडे लावला तर वजन वाढते, पण मूळ त्रास बऱ्याच अंशी तसाच राहतो.

इंजिनच्या घरघरीचा हिशेब मांडला की हे पटते. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला तीन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सेकंदाला ७५. या ७५ हर्ट्झच्या आवाजाची हवेतील तरंगलांबी सुमारे साडेचार मीटर भरते. सच्छिद्र साहित्याने आवाज नीट शोषण्यासाठी त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या आसपास लागते, आणि त्या मानाने १० मिलिमीटर फोम नगण्य आहे. म्हणून घरघर कमी करण्यासाठी फोमवर विसंबण्यात अर्थ नाही. ती बरीचशी चेसिसमधून केबिनमध्ये चढते, आणि म्हणूनच इन्सुलेशनच्या आधी केबिनखालची कडक झालेली माउंटिंग रबरे बदलली. मला तर ही या कामाची खरी पहिली पायरी वाटते. एवढ्या एका बदलानंतर उरलेला आवाज कुठून येतो हे ओळखणेही सोपे झाले.

पत्र्याच्या थरथरीसाठी ॲल्युमिनियम फॉइल चढवलेले ब्युटाइलचे (एक चिकट, मऊ रबर) सुमारे २ मिलिमीटर जाडीचे पट्टे निवडले. पत्रा वाकताना त्याच्यात आणि वरच्या ताठ फॉइलमध्ये सापडलेला ब्युटाइलचा थर सरकून ताणला जातो आणि थरथरीची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. फॉइल हा तिथे शोभेचा भाग नाही. त्याच्या ताठपणाशिवाय हे काम फारसे होत नाही. डांबरी मॅट स्वस्त पडते, परंतु तापलेल्या केबिनमध्ये तिला वास येतो, उभ्या पत्र्यावर ती घसरू लागते आणि जुनी झाली की ठिसूळ होते, त्यामुळे ती वगळली. पट्ट्यांनी सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. सपाट भागाच्या मध्यावर पाव ते अर्धे क्षेत्र झाकले की बहुतेक लाभ पदरात पडतो, कारण थरथर तिथेच जास्त असते. कोपरे आणि दाबून काढलेल्या पन्हाळी मुळातच ताठ असतात. बोटाने ठोकून पाहत जावे, ठणठणीत आवाज बद्द झाला की थांबावे, हा नियम मी जमिनीवर पाळला. पट्टा लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आणि नंतर रोलरने जोर देऊन दाबणे टाळू नये, कारण खाली राहिलेल्या हवेच्या फुग्यावर पट्टा काहीच करत नाही.

हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागते. त्यासाठी प्रति चौरस मीटर सुमारे ५ किलो वजनाची जड व्हिनाइलची चादर घेतली. वजन दुप्पट केले की अडवणूक साधारण ६ डेसिबलने वाढते, म्हणजे प्रत्येक पुढच्या सुधारणेची किंमत किलोंत मोजावी लागते. म्हणून ही चादर फक्त जमीन, इंजिनचे आवरण आणि फायरवॉल एवढ्यापुरतीच ठेवली. ती थेट पत्र्यावर न चिकटवता मध्ये बंद छिद्रांच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा थर दिला, जेणेकरून ती पत्र्याबरोबर हलू नये. मात्र अखंडपणा नसेल तर या चादरीचा उपयोग फार लवकर संपतो. क्षेत्राच्या केवळ १ टक्का जागा उघडी राहिली तर उरलेली भिंत कितीही भक्कम असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. फायरवॉलचे काम रेंगाळले आहे ते याचमुळे: वायरिंगचे प्रत्येक ग्रोमेट (तारांच्या भोकातली रबरी कडी), पेडलची खाच, स्टीअरिंगच्या दांड्याभोवतीची फट आणि गिअर लिव्हरचा फाटलेला बूट यांचा एकेक करून बंदोबस्त चालू आहे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु मिळणारा फरक पाहता मी त्याला चादरीइतकेच महत्त्व देतो.

उष्णतेच्या बाबतीत चकचकीत फॉइलविषयी बराच गैरसमज आढळतो. फॉइल प्रारणाने येणारी उष्णता परतवते, पण त्यासाठी तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी हवी. दोन्हीकडून दाबून बसवलेली फॉइल ही उष्णतेसाठी केवळ एक धातूचा पातळ पत्रा असतो. त्यामुळे इंजिनच्या आवरणाखाली, एक्झॉस्टच्या बाजूला, थोडे अंतर सोडून धातूची ढाल बसवली आणि फोम आवरणाच्या आतल्या, केबिनकडच्या बाजूला ठेवला. इंजिनच्या बाजूला घरगुती फॉइल-फोम लावू नये. वाहनांच्या आतील साहित्यासाठीच्या अमेरिकेतील एफएमव्हीएसएस ३०२ या मानकात आडव्या नमुन्याच्या जळण्याची मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे, आणि ती आतल्या साहित्यापुरती आहे. तेल आणि तप्त नळ्यांच्या शेजारी त्याहून कडक निकष लावणे भाग आहे. फरक मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की इन्फ्रारेड थर्मामीटर उघड्या फॉइलचे तापमान चुकीचे दाखवतो; फॉइलवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. आवाज मोजतानाही मीटरवरची ए-वेटिंग ही कानाच्या संवेदनेशी जुळवलेली मोजणी ६३ हर्ट्झचा आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी दाखवते, म्हणून घरघरीसाठी मी खालचे स्वर फारसे न वगळणाऱ्या सी-वेटिंगचे आकडे टिपतो.

दारांत ब्युटाइलचे मोजके तुकडे बाहेरच्या पत्र्याच्या आतून लागतील. तळाची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी राहतील आणि पाणी धरणारा कोणताही नमदा किंवा उघड्या छिद्रांचा फोम दारात जाणार नाही. छतावर वजन चढवायचे नाही, त्यामुळे तिथे जड चादर नाही. ब्युटाइलच्या थोड्या पट्ट्यांवर १० मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम पत्र्याला पूर्ण चिकटवून, म्हणजे मागे दमट हवा शिरून पाणी साचणार नाही अशा बेताने, बसवायचा आहे. उन्हात तापलेल्या छतावर साधा गोंद सुटतो, तेव्हा उच्च तापमानाला टिकणारा काँटॅक्ट गोंद आधी एका लहान तुकड्यावर उन्हात पारखूनच छताचे काम हाती घेणार आहे.