तुम्ही विचारलंत म्हणून: आहे तोच अंक परत का घेतला?

कपाट उघडून दाखवलं की पहिली पाच मिनिटं सगळे वा वा करतात, मग कोणाचं तरी लक्ष शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या अंकांकडे जातं आणि प्रश्न येतोच, अहो हा तर तुमच्याकडे आहे की, मग परत कशाला घेतलात? घरातले विचारतात तेव्हा सूर वेगळा असतो, ते सोडा. पण इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी मी काय जमवते ते सांगते, कारण "जुनी मासिकं" म्हटलं की लोकांना रद्दी आठवते. एखाद्या गावाचा, शहराचा स्वतःचा इतिहास, जुने वाडे, वेशी, पूल, देवळं, चर्च, पाडायला काढलेल्या इमारती यांच्याबद्दल हप्त्याहप्त्याने निघालेले अंक, साधारण १८५० ते १८८० च्या दशकातले, आणि त्यात छापलेली चित्रं नाहीत तर खरेखुरे फोटो. म्हणजे फोटोच्या कागदावर एकेक काढलेला, कडा कापलेला आणि हाताने खळ लावून पानावर चिकटवलेला. अंक उघडून बोट फिरवलं (फिरवू नका, पण समजा फिरवलं) तर फोटोची कडा बोटाला लागते.

असं का करायचे? कारण फोटो आणि मजकूर एकाच मशीनवर एका दमात छापायची सोय तेव्हा नव्हती. ठिपक्याठिपक्यांचा हाफटोन १८८० नंतर हळूहळू रुळला. त्याआधी फोटो छापायचा तर कोरणारा बसवून लाकडावर त्याची नक्कल उतरवायची, आणि त्यात कोरणाऱ्याचा हात येणारच, भिंतीला नसलेली भेग येते, असलेली जाते. ज्या संपादकांना ते नको होतं त्यांनी सरळ फोटोच चिकटवायला घेतले. वेडेपणाच होता तो, खरं सांगायचं तर.

कारण तो फोटो बनायचा कसा ते बघा. कागद अंड्याच्या पांढऱ्यात मीठ घालून त्यावर तरंगवायचा, वाळवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा, परत वाळवायचा, काचेच्या निगेटिव्हला चिकटून फ्रेममध्ये बसवायचा आणि उन्हात ठेवायचा. उन्हात! चित्र उमटलंय का ते फ्रेमची मागची अर्धी फळी उघडून बघायचं, मग सोन्याच्या क्षाराचं टोनिंग, मग हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), मग धूत बसायचं. हाच अल्ब्युमेन प्रिंट. एक निगेटिव्ह, एक फ्रेम, एका वेळी एक फोटो. ढग आले की अंक लांबला. आणि धुण्यात घाई केली की हायपो कागदात राहतो आणि पुढे फोटो उडतो, हे कागदावरच्या निगेटिव्हची पद्धत शोधणाऱ्या टॅल्बटसारख्या माणसालाही चुकलं नाही. १८४६ मध्ये लंडनच्या आर्ट युनियन मासिकाच्या एका अंकात त्याच्या पद्धतीचे खरे फोटो चिकटवून दिले होते, हजारो प्रती, आणि त्यातले कित्येक असे फिके पडले की जाहिरात करायला गेले नि बदनामी झाली.

आता मुद्द्यावर येते. शेकडो वर्गणीदारांसाठी एकाच काचेवरून फोटो काढत बसायचं तर वेळ पुरत नाही, आणि काच फुटली तर संपलंच. म्हणून फोटोग्राफर एकाच जागेची दोन-तीन निगेटिव्ह घेऊन ठेवायचे. कॅमेरा तिथेच, पण मधे थोडा वेळ गेलेला, किंवा कॅमेरा वीतभर सरकलेला. म्हणजे तुमच्या अंकातला फोटो आणि माझ्या अंकातला फोटो, नाव तेच, पान तेच, पण फोटो तोच असेल असं नाही.

माझ्याकडचे ते दोन अंक म्हणजे हेच. विषय एका जुन्या वेशीचा. मजकुरात लिहिलंय की वेशीच्या उजव्या अंगाला तुटकी पायरी आहे आणि जकातवाला तिथे बसायचा. पहिल्या अंकातल्या फोटोत पायरी बियरी काही नाही, उजवीकडे कडा सरळ भिंतीवर कापलेली. मी कित्येक वर्षं समजत होते की संपादकाने ऐकीव माहिती ठोकून दिली, वहीत त्या वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हही काढून ठेवलं होतं, शहाणपणाने. मग दुसरा अंक आला. त्याची बाइंडिंग सुटलेली, कसरीने कोपरे खाल्लेले, म्हणून कोणाला नको होता. पान उघडलं आणि पायरी! कॅमेरा जरासा उजवीकडे वळलेला, सावली आखूड झालेली, पहिल्या फोटोत कमानीखाली जी हातगाडी आहे ती गेलेली, आणि पायरीवर कोणीतरी टोपी ठेवलीय. माणूस नाही, नुसती टोपी. तेव्हा एका फोटोला बराच वेळ लागायचा, माणूस बहुतेक हलला असेल आणि कॅमेऱ्याने त्याला पकडलंच नाही, टोपी तेवढी स्थिर राहिली. प्रश्नचिन्ह खोडलं. दीडशे वर्षांनी संपादकाची माफी मागितली म्हणा ना.

आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर मुंबईत १८५४ ला फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि १८५६ ते १८५८ च्या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम नावाने हप्ते काढले, खरे फोटो चिकटवलेले, मुंबई आणि पश्चिम भारतातल्या इमारती, माणसं, पेहराव. पुढे १८६३ आणि १८६६ ला जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन भागांचं पुस्तक काढलं, तर त्यात माणसं एका फोटोतून कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवलेली आहेत. म्हणजे मागे देऊळ दिसतंय म्हणून ती माणसं त्या देवळासमोर उभी होती असं धरून चालत नाही. हे कळायला शेजारी ठेवायला दुसरं काहीतरी लागतं. एकट्या फोटोकडे बघून आपण फसतो.

बाकी जगात बघायचं तर योकोहामाचं द फार ईस्ट, जॉन रेडी ब्लॅकने मे १८७० ला सुरू केलेलं, पानोपानी चिकटवलेले फोटो, पुढे ते शांघायला गेलं. आणि लंडनची जुन्या लंडनच्या खुणांचे फोटो काढणारी सोसायटी, १८७५ ते १८८६. ती सुरूच झाली ऑक्सफर्ड आर्म्स नावाची जुनी सराई पाडणार म्हणून, आणि हप्त्याहप्त्याने करत १२० फोटो झाले. हे मात्र कार्बन प्रिंट, रंगद्रव्य आणि जिलेटिनचे, चांदीचा संबंधच नाही, म्हणून आजही काल काढल्यासारखे दिसतात. अल्ब्युमेनवाल्यांनी बघून रडावं इतके.

ओळखायचे कसे हेही लोक विचारतात. दहापट भिंग घ्या. ठिपके एका रांगेत दिसले तर हाफटोन, म्हणजे नंतरचं. अळ्यांसारख्या बारीक वळ्या दिसल्या तर कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून शाईने छापलेलं. काहीच दिसलं नाही, नुसत्या सलग छटा आणि त्याखाली कागदाचे तंतू, वर अंड्याची हलकी चकाकी, पांढऱ्या जागा पिवळट झालेल्या, तर बहुतेक अल्ब्युमेन. चकाकी नाही आणि चित्र कागदात मुरल्यासारखं, तर सॉल्ट प्रिंट, म्हणजे अंड्याचा थर नसलेला, नुसत्या मिठाच्या कागदावरचा. तिरप्या उजेडात काळ्या भागाला किंचित उंची जाणवली तर कार्बन किंवा वुडबरीटाइप (साच्यातून रंगीत जिलेटिन दाबून छापलेलं), आणि या दोघांत फरक करताना मीसुद्धा गप्प बसते.

भिंग नेहमी जवळ ठेवायची सवय मला ठेच लागूनच लागली. एका विक्रेत्याकडून एक बांधीव खंड घेतला, वर्णनात "सर्व फोटो शाबूत". घरी आल्यावर मोजले तर सूचीइतके भरले, खूश झाले, आणि आठवड्याने भिंग लावलं तर त्यातल्या दोनांवर ठिपके. कोणीतरी मूळ फोटो काढून घेऊन त्या जागी नंतरच्या कुठल्यातरी पुस्तकातली चित्रं कापून चिकटवली होती, तीही छान जुन्या रंगाची. विक्रेत्याला स्वतःला माहीत होतं की नाही कोण जाणे, पैसे परत मिळाले नाहीत एवढं खरं. हे फोटो काढून सुटे विकणारे लोक आहेत ना, त्यांच्यावर माझा फार राग आहे. एका अंकाचे सहा फोटो सुटे विकले की जास्त मिळतात, पटतं मला हिशोबाने, पण मग मजकूर फोटोशिवाय आणि फोटो नावागावाशिवाय. वेशीचा फोटो "जुनी कमान" म्हणून कुठल्यातरी फ्रेममध्ये जातो आणि जकातवाल्याची पायरी संपली.

माझाही एक गुन्हा आहे, सांगून टाकते. एक सुटा पडलेला अल्ब्युमेन गुंडाळी झाल्यासारखा वळला होता, मी तो ओलसर टिपकागदाखाली ठेवून वर जाड पुस्तकं रचली. सकाळी सपाट झाला होता, आणि वरच्या अंड्याच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा. आता वळला असेल तर वळलेलाच डब्यात ठेवते. आम्लरहित कागद, कोरडी पण फार कोरडी नाही अशी जागा, प्लॅस्टिकचं लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी तर स्वप्नातही नाही.

"ऑनलाइन स्कॅन असतात की" हा जोडप्रश्न. असतात आणि मी रोज वापरते, त्यांच्याशिवाय अर्धी माहिती मिळाली नसती. पण स्कॅन होतो एका प्रतीचा, आणि मग तीच प्रत म्हणजे तो अंक असं सगळे समजतात. त्यात काही जुने स्कॅन मायक्रोफिल्मवरून केलेले, फोटोच्या जागी काळा चौकोन. आणि दुसरं म्हणजे ग्रंथालयांनी वर्षाचे अंक एकत्र बांधताना बाहेरची वेष्टनं काढून टाकली, जाहिराती म्हणून. खरी गंमत त्या वेष्टनांवरच असते, वर्गणीदारांना सूचना, छापायचं राहिलेलं, उशिराबद्दल दिलगिरी.

तर परवा त्याच वेशीच्या अंकाची तिसरी प्रत घेतली. हो, तिसरी. फोटो एकही नाही, सगळे उपटलेले, पानांवर नुसते खळीचे तपकिरी चौकोन. पण वेष्टन जागेवर होतं, म्हणून घेतली. आतल्या बाजूला बारीक टाइपात सूचना आहे की ज्या वर्गणीदारांना या अंकातला वेशीचा फोटो फिका गेला असेल त्यांनी तो परत पाठवावा, बदलून मिळेल. म्हणजे माझ्याकडच्या दोनांपैकी एक आधीचा आणि एक बदलून आलेला असू शकतो. दोन दिवस भिंग लावून दोन्हींच्या खळीचे डाग बघतेय, टोपीवाला आधीचा की हातगाडीवाला, अजून ठरत नाहीये.